क्वार्टरबॅकच्या शेजारची खुर्ची

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडण नको. मी वाढवून सांगतो. मी नागपूरचा. आमच्याकडे मे महिन्यात डांबरी रस्त्यावर पोळी भाजून निघते, आणि ती मी स्वतः तूप लावून खाल्ली आहे. माझी बायको मेधा पुण्याची. ती खोटं बोलत नाही, त्यामुळे तिला मैत्रिणी मोजक्याच. हा मजकूर आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी पाठवण्याआधी तिने हातात पेन्सिल घेऊन वाचला आहे. तिच्या काही दुरुस्त्या मी राहू दिल्या आहेत.

लिहायचं कारण असं की, गेल्या वर्षभरात इथे अमेरिकेत, आपल्या श्रूजबरी गावातल्या दोन घरांतून मला फोन आले. दोन्ही दबक्या आवाजात. "दिगंबरदादा, तुम्हाला ते झालं होतं ना?" हो. मला ते झालं होतं. त्याला कॅन्सर म्हणतात. नाव घेतल्याने तो वाढत नाही, मी घेऊन बघितलंय.

सुपारी

२००४ चा ऑक्टोबर. दाढी करताना मानेच्या खाली, हाडाच्या वर, गाठ लागली. चांगली लिंबाएवढी. (मेधा: सुपारीएवढी.) पंधरा दिवसांत तिचा तुकडा काढून झाला, आणि एका मंगळवारी आम्ही दोघं एका तरुण डॉक्टरसमोर बसलो. त्याने लिम्फोमा हा शब्द उच्चारला आणि लगेच पुढे म्हणाला की यातून बरेच लोक पूर्ण बरे होतात, सहा महिने केमो, दर दुसऱ्या गुरुवारी. तो बराच वेळ बोलला. चांगलं बोलला असावा. शेवटी त्याने विचारलं, काही प्रश्न? मी म्हणालो, "पार्किंगच्या तिकिटावर शिक्का इथेच मिळतो की खाली?"

गाडीत मेधा स्टिअरिंगला बसली. किल्ली फिरवली आणि वायपर चालू केले. बाहेर लख्ख ऊन होतं. आम्ही दोघं त्या वायपरकडे बघत राहिलो. कोणी बंद केले ते आठवत नाही.

घरी पोचेपर्यंत एक गोष्ट ठरलेली होती. आईला सांगायचं नाही. आई नागपूरला, वय एकाहत्तर, बीपीच्या गोळ्या. दोन गल्ल्या सोडून ताई राहते. ताईला फोन केला तर तीही रडं आवरून पहिलं वाक्य हेच म्हणाली, "आईला नको हं सांगू." आपल्याकडे हा निर्णय घ्यावा लागत नाही. तो घेतलेलाच असतो. आपण फक्त त्यात जाऊन बसायचं.

रॉय

केमोच्या खोलीत दहा आरामखुर्च्या होत्या. मला चार नंबरची मिळाली. पाच नंबरवर एक माणूस होता, तो खुर्चीत बसला नव्हता, खुर्ची त्याला कशीबशी चिकटली होती. उंची सात फूट. (मेधा: सहा-चार.) वय साठीचं. हात असे की कॉफीचा कप त्याच्या मुठीत औषधाच्या बुचासारखा दिसायचा. नर्सने माझ्या नळीत कोकम सरबताच्या रंगाचं औषध सोडायला सुरुवात केली आणि तोंडात धरायला बर्फ दिला. मी डोळे मिटले. शेजारून आवाज आला, "पहिली वेळ?"

मी मान हलवली.

"नाव?"

"दिगंबर."

त्याने दोनदा प्रयत्न केला. मग म्हणाला, "डिग. मी रॉय. लाल औषधाला घाबरू नकोस. माझ्यावर याच्यापेक्षा वाईट गोष्टी पडल्यात. एकेक तीनशे पौंडांची."

रॉय एके काळी व्यावसायिक फुटबॉल खेळायचा. इथला फुटबॉल, ज्यात पायाचा चेंडूशी फारसा संबंध येत नाही. तो क्वार्टरबॅक होता. घरी येऊन मी हे सांगितल्यावर माझी मुलगी ईरा, वय नऊ, जन्म इथलाच, सोफ्यावरून उडीच मारती झाली. क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे मला तिनेच समजावलं. "बाबा, इट्स सिंपल. सगळ्यांचा प्लॅन त्याच्या डोक्यात असतो. बॉल आधी त्याच्याकडे येतो. मग समोरचे सगळे मोठे लोक त्याला पाडायला धावतात. आणि पाच त्याचे स्वतःचे मोठे लोक त्याला वाचवतात."

"आणि नाही वाचवलं तर?"

"देन ही गेट्स अप," ईरा म्हणाली.

पुढचे सहा महिने दर दुसऱ्या गुरुवारी मी त्या माणसाचं करिअर ऐकलं. तो इंग्रजीत बोलायचा, पण मला ते नागपुरीतच ऐकू यायचं, म्हणून तसंच देतो. शिव्या गाळल्या आहेत. त्या निम्म्या होत्या.

कॉलेजात तो राजा होता. गावात त्याला कोणी जेवणाचं बिल द्यायचं नाही. मग व्यावसायिक संघात गेला आणि कळलं की तिथे आलेला प्रत्येक जण आपापल्या गावचा राजा आहे. अकरा वर्षं, पाच शहरं. त्यातली बहुतेक वर्षं तो राखीव. मैदानाच्या कडेला टोपी घालून, हातात डाव लिहायची पाटी घेऊन उभा. "डिग, या देशात माझ्याइतकं सुंदर उभं राहिलेला माणूस नाही," तो म्हणायचा. "बर्फात उभा राहिलोय. आजारी असताना उभा राहिलोय. एकदा उभ्या उभ्या झोपलो आणि आम्ही जिंकलो."

मीही मग नागपूरची पोळी काढली. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तूप वितळलेलं होतं की घट्ट?" माझ्या एक्केचाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्याच क्षणी मी त्या माणसाचा झालो.

रॉयने मला धंद्यातली एक गोष्ट शिकवली. आपटल्यावर क्वार्टरबॅकने लगेच उठायचं असतं, आणि उठून आधी आपल्या माणसांना तोंड दाखवायचं असतं. दहा जण त्याच्या डोळ्यांत बघत असतात. तिथे भीती दिसली की पुढचा डाव संपलाच. "म्हणून मी तोंड असं ठेवायचो," असं म्हणून तो चेहरा करून दाखवायचा. दगडासारखा. मला वाटलं, बस, हेच. मीही घरी, ऑफिसात, फोनवर तसंच तोंड ठेवायला लागलो.

फोडणी

केस गेले, त्याचं काही वाटलं नाही. माझी फोडणी गेली. मोहरी तडतडली की मी बाथरूममध्ये. हिंगाचं नाव काढलं तरी. नागपूरच्या माणसाच्या आयुष्यातून फोडणी गेली की उरतं काय? मऊ भात.

मेधाने विजेची शेगडी उचलून गॅरेजमध्ये नेली. मॅसॅच्युसेट्सचा डिसेंबर, बाहेर शून्याखाली चाळीस (मेधा: आठ), आणि ही पुण्याची बाई टोपीवाला जाड पार्का घालून, हातमोजे चढवून, गाडीच्या बंपरशेजारी ईरासाठी आमटीला फोडणी देतेय. एकदा दार उघडं राहिलं तर समोरच्या घरातली म्हातारी विचारायला आली, आग लागली नाही ना? मेधा म्हणाली, "नाही, लागली पाहिजे तेवढीच लागली आहे."

आणि मग तुम्ही सगळे. मेधाने मंडळात एक ईमेल टाकली: डबा द्यायचाच असेल तर फोडणी नको. मला माहीत आहे, आपल्या लोकांकडून कच्चं तेलही न लावलेलं वरण मागणं म्हणजे काय. तरी सोमवार, बुधवार, शुक्रवार दाराशी डबे येत राहिले. गोडं वरण, मऊ भात, लिंबाची फोड. कोणी बेल वाजवली नाही. कोणी "आता कसं वाटतंय" विचारलं नाही. कोणीतरी मेतकूट पाठवलं. ते मी रॉयकडे नेलं, भातावर घालून, तूप सोडून. त्याने चमचाभर खाल्लं, डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि परत रिकामाच दिला. त्या डब्यांचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. आज मानतो.

रविवार

दर रविवारी सकाळी, म्हणजे आईच्या संध्याकाळी, मी फोनकार्डाचे आकडे दाबून नागपूरला फोन लावायचो. आजारपणाआधी त्या फोनवर मी काय काय सांगितलंय. इथे इतका बर्फ पडला की मी धुराड्यातून घरात उतरलो. खारीने गाडीची किल्ली पळवली आणि परत देताना दोन शेंगदाणे मागितले. आई म्हणायची, "हो का रे," आणि दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या बायकांना त्यात आपली भर घालून सांगायची.

नोव्हेंबरपासून मी दगडाचं तोंड करून बोलायचो. "कसा आहेस?" "बरा आहे." "ऑफिस?" "चालू आहे." "जेवलास?" "जेवलो." चार मिनिटांत फोन खाली. मला माझाच अभिमान वाटायचा. काय सफाईने लपवतोय.

जानेवारीत ताप आला. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. पाच दिवस हॉस्पिटलात, आणि त्यात एक रविवार आला. माझा आवाज फुटत नव्हता. मी मेधाला खुणेने सांगितलं, तू कर फोन, सांग मी टूरवर आहे.

ती कॉरिडॉरमध्ये गेली. परत आली आणि फोनकार्ड माझ्या उशाशी टाकलं.

"सांगितलं?"

"सांगितलं. शिकागोला गेलाय म्हणून. त्यांनी विचारलं, तिकडे थंडी असेल, स्वेटर नेला ना. मी म्हटलं, नेला." ती खुर्चीत बसली. "ऐक. उलट्या मी काढीन. फोडणी गॅरेजमध्ये देईन. पण तुझ्या आईशी खोटं बोलण्यासाठी मी लग्न केलेलं नाही. यापुढे तुझं तू बघ."

त्यानंतर आम्ही दोन दिवस बोललो नाही. तुम्हाला सांगतो, त्या आजारात मला सगळ्यात जास्त भीती त्या दोन दिवसांत वाटली.

खांदा

पुढच्या गुरुवारी चार नंबरच्या खुर्चीत मी गप्प होतो. रॉयने दोन शिव्या देऊन बघितल्या. मग म्हणाला, "काय झालं ते बोल."

मी सांगितलं. आई, ताई, शिकागो, स्वेटर. आणि म्हटलं, "तूच शिकवलंस ना. तोंड दगडाचं ठेवायचं."

रॉयने हातातला कप खाली ठेवला. मग ही गोष्ट सांगितली, आणि ही एकच गोष्ट त्याने वाढवून सांगितली नाही.

अकराव्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅकचा गुडघा गेला आणि रॉयला बोलावलं. दहा वर्षं ज्यासाठी उभा होता ते आलं. पण महिनाभरापूर्वीच सरावात त्याच्या उजव्या खांद्यात काहीतरी फाटलं होतं. सांगितलं असतं तर पुन्हा पाटी हातात आली असती. त्याने सांगितलं नाही. कोचला नाही, डॉक्टरला नाही. त्याच्या पुढे उभा राहून त्याला वाचवायचं काम करणारा एक राक्षस होता, टायनी नावाचा. दोघं प्रवासात एकाच खोलीत राहायचे. त्यालाही नाही. दात घासताना रॉय डावा हात वापरायचा आणि टायनीला म्हणायचा, सवय बदलतोय.

तीन सामने तो तसाच खेळला. चौथ्यात कोणीतरी उजव्या बाजूने येऊन आदळलं. खांदा संपला. त्यानंतर तो हात कधी कानाच्या वर गेला नाही.

"हॉस्पिटलात टायनी आला," रॉय म्हणाला. "मला वाटलं, रडेल, नाहीतर मारेल. तो पलंगाशी उभा राहिला आणि म्हणाला, सांगितलं असतंस तर मी त्या बाजूला उभा राहिलो असतो."

"मग?"

"मग काय. तोंड दगडाचं समोरच्या टीमला दाखवायचं असतं, डिग. आपल्या लोकांना सांगायचं असतं कुठे दुखतंय. नाहीतर ते उभे राहणार कुठे? हे मला कळेपर्यंत माझं करिअर संपलं होतं."

फोन

त्या रविवारी मी मेधाला शेजारी बसायला सांगितलं. ती बसली. मी आकडे दाबले. छाती अशी धडधडत होती की पलीकडच्या वूस्टर शहरात ऐकू गेली असेल. (मेधाने इथे काही लिहिलेलं नाही.)

"आई, मला कॅन्सर झालाय. उपचार चालू आहेत. निम्मे झालेत."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कुठला?"

मी सांगितलं. तिने डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं, तेही सांगितलं. मग म्हणाली, "तरीच."

"तरीच काय?"

"तीन महिने झाले, तू एकही थाप मारली नाहीस. बरा आहे, जेवलो, बरा आहे, जेवलो. असा सरळ तू जन्मात बोलला नव्हतास. मला तेव्हाच कळलं, काहीतरी बिघडून राहिलं आहे. ताईला तीनदा विचारलं, तर तीही सरळ बोलून राहिली."

"मग तू विचारलं काहून नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबले. नुसती नाही थांबले. डिसेंबरातच पासपोर्टचा अर्ज टाकला. चौकशीला पोलीसही येऊन गेला. ताईला सांगितलं, गॅसच्या नोंदणीसाठी आला होता."

लपवाछपवी आमच्या घराण्यात कुठून आली, हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. मेधाने रिसीव्हर माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आई, तो शिकागोला गेला नव्हता." आणि मग ती रडली, तीन महिन्यांचं एकदम. आई तिकडून म्हणत होती, "अगं, माहीत आहे मला. त्याच्याकडे स्वेटर आहेच कुठे?"

पदर

एप्रिलमध्ये आई आली. नऊवार नाही, पाचवारी, त्यावर मेधाचा पार्का, पायात ईराने निवडलेले पांढरे बूट. बॅगेत चार किलो मेतकूट. (मेधा: अर्धा किलो.) शेवटचे तीन गुरुवार ती माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसली. शाळेला सुट्टी होती त्या गुरुवारी ईराही आली, दुभाषी म्हणून.

आईने पाच नंबरकडे नीट बघून घेतलं. "यांनी आयुष्यभर केलं काय?"

"आजी, ही थ्रोज द बॉल. आणि मोठे मोठे लोक त्याच्या अंगावर पडतात."

"त्याच्या आईला चालत होतं?"

ईराने ते जसंच्या तसं इंग्रजीत टाकलं. रॉय इतका हसला की मॉनिटर वाजायला लागला. "सांग तिला, माझी आई एकही सामना बघायची नाही. स्वयंपाकघरात बसायची, फोन येईपर्यंत."

आई मान हलवत राहिली. मग म्हणाली, "ईरा, विचार त्यांना. यांच्यासोबत कोणी काहून येत नाही?"

रॉयचं हसू थांबलं. मलाही तेव्हाच लक्षात आलं. पाच महिने मी त्याच्या शेजारी बसलो होतो, पाच नंबरजवळचं स्टूल कायम रिकामं होतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, ओहायोत मुलगी आहे. तिला वाटतं गुरुवारी बाप मासे पकडायला जातो.

मी त्याच्याकडे बघितलं. "टायनी," एवढंच म्हणालो.

"गप बस," रॉय म्हणाला.

पुढच्या खेपेला त्याच्या स्टुलावर एक उंच बाई बसली होती. बापासारखेच हात. ती आमच्याशी फार बोलली नाही. एका हाताने बापाचा कप धरून होती.

मे महिन्यात माझा शेवटचा गुरुवार झाला. त्या दिवशी रॉयची खेप नव्हती, तरी तो आला. पार्किंगमध्ये मुलीच्या गाडीतून त्याने एक चेंडू काढला. तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता. हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे मला गाडीपर्यंत व्हीलचेअरमध्येच बसवलेलं होतं. रॉय आईला म्हणाला, तयार? उजवा हात वर जात नव्हता, म्हणून त्याने डाव्या हाताने, खालून, हळूच फेकला.

आईला काय वाटलं कोण जाणे. तिने हात पुढे केले नाहीत. पार्का उघडला आणि पदर पसरला, ओटीत नारळ घेतात तसा. चेंडू बरोबर त्यात पडला.

"नारळापेक्षा हलका आहे," आई म्हणाली.

रॉयने चेंडू घ्यायला हात पुढे केला. आई म्हणाली, "ईरा, सांग त्यांना. ओटीतलं परत देत नसतात." आणि चेंडू पदरात बांधून गाडीत जाऊन बसली. तो चेंडू आज नागपूरला आहे, देवघराच्या फळीवर, गंगेच्या गडूच्या शेजारी.

एवढंच

मी बरा झालो. दर सहा महिन्यांनी तपासणी असते, ती स्वच्छ येते. फोडणी परत आली आहे, आणि शेगडी गॅरेजमधून घरात.

रॉय गेल्या पानगळीत गेला. त्याचा आजार माझ्यापेक्षा हट्टी होता. शेवटी तो मुलीच्या घरी होता. आम्ही जाऊन आलो.

आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "घरच्यांना माहीत होतं ना सगळं?"

"हो. मुलगी, जावई, नातवंडं, सगळे होते. टायनीसुद्धा आला होता."

"कोणत्या बाजूला बसला होता?" खांद्याची गोष्ट मी आईला कधीच सांगून टाकली होती.

"उजव्या."

"मग ठीक," आई म्हणाली.

ज्या दोन घरांतून फोन आले त्यांना मी सांगितलं तेच इथे सगळ्यांना सांगतो. औषधांचं डॉक्टर बघतील. तुम्ही आज घरी फोन लावा, आणि कुठे दुखतंय ते नीट सांगा. लोकांना तुमच्या शेजारी उभं राहायचं असतं, त्यांना फक्त बाजू माहीत नसते.

मागच्या रविवारी ताई म्हणाली, आईचं बीपी वर गेलंय, पण तुला सांगू नको म्हणाली आहे. मला धास्ती वाटली. लगेच आईला फोन लावला. तिच्याकडे कॉलनीतल्या बायका बसल्या होत्या आणि चेंडूची गोष्ट रंगात आली होती.

"साठ वार लांबून फेकला होता त्यांनी," आई त्यांना सांगत होती. "वाऱ्यात. मी धावत जाऊन झेलला."

"आई," मी म्हणालो, "चार पावलं होती."

"तुला काय दिसणार? तू खुर्चीत बसला होतास. आणि बर्फही पडून राहिला होता."

मे महिना होता. पण मी ते राहू दिलं. मेधाला खुणेने सांगितलं, आई ठीक आहे.